कस्तुराबाईंची ओंजळ

कस्तुराबाई एकोणिसाव्या वर्षी पांढऱ्या कपाळानं परभणीला भावाच्या घरी आल्या आणि पुढची तीस वर्षं त्या घराच्या स्वयंपाकघरात राहिल्या. राहिल्या म्हणजे अक्षरशः तिथंच राहिल्या. झोपायची पथारीसुद्धा चुलीमागच्या भिंतीला लागून. भाऊ गोविंदराव पाटबंधारे खात्यात कारकून, स्वभावानं गरीब. भावजय लीलाबाई तोंडानं तिखट, मनानं मात्र वाईट नव्हे. घरात एकच लेकरू, सुमंगला. तिला आईपेक्षा आत्याचा लळा जास्त. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी आत्याच्या मांडीवर, मग जेवण.

सुमंगलाच्या जन्माआधीची गोष्ट. गोविंदरावांना विषमज्वर झाला. एकवीस दिवस ताप उतरेना, डॉक्टरांनीही हात टेकले. तेव्हा कस्तुराबाई पोखर्णीला नरसिंहापुढं जाऊन उभ्या राहिल्या. मागणं एवढंच केलं, "माझ्या दादाला उठव. मी मीठ सोडलं." गोविंदराव उठले. त्या दिवसापासून मिठाचा कण कस्तुराबाईंच्या जिभेवर गेला नाही. अळणी वरण, अळणी भाकरी, सणाला अळणी पुरण. कुणी हळहळलं तर म्हणायच्या, "सवयीचं आहे हो सगळं. दादा समोर चालता-बोलता दिसतो, मला अजून काय पाहिजे?"

आणि याच बाईच्या हातच्या लोणच्यासाठी गल्लीतल्या बायका वाटी घेऊन यायच्या. कैरीच्या फोडी पातेल्यात पडल्या की कस्तुराबाई गोणीतलं खडेमीठ ओंजळीनं घालत. किती ओंजळी ते ओठांतल्या ओठांत पुटपुटत, हात थांबला की थांबला. वास घेत, फोड दाबून बघत, पण चाखत नसत. त्यांना चाखायची सोयच नव्हती, आणि घरातल्या दुसऱ्या कुणी चाखायचं तर तेही देवाच्या आधी चालत नसे. नवं लोणचं नरसिंहजयंतीला संध्याकाळी देवाला दाखवायचं आणि मगच बरणीत घरचा चमचा जायचा, अशी त्या घरची रीत. त्यात कधी चूक झाली नव्हती. लीलाबाई म्हणायच्या, "वन्सं, देवानं तुमची जीभ नेली खरी, पण जाताना तळहातावर ठेवून गेला बघा."

सुमंगला परभणीच्याच कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाच्या पदवीला गेली. हुशार होती. तिनं शिकून कुठंतरी शिक्षिका व्हावं, फार तर बँकेत लागावं, एवढंच गोविंदरावांच्या मनात होतं. पण शेवटच्या सहामाहीत एक नवा विषय आला, उद्योजकता विकास. वर्गात अकरा मुली. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याकडच्या, अंगापिंडानं लहानशा, पण बोलायला लागल्या की खिडकीबाहेरचे शिपाईसुद्धा थांबून ऐकायचे. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात असं कोणतं काम आहे, की जे तुमच्या घरच्या बाईला सगळ्या गावापेक्षा चांगलं येतं? त्याचाच उद्योग होतो."

सुमंगला त्या दिवशी सायकल दामटत घरी आली. चपला काढायचंही भान नव्हतं.

"आत्या, आपण लोणच्याचा कारखाना काढू!"

"चपला काढ आधी. स्वयंपाकघर आहे हे."

"खरंच सांगायलीय गं मी. तू अन् मी. औद्योगिक वसाहतीत शेड मिळतं. बरण्यांवर चिठ्ठी लावायची. नाव तुझं."

लीलाबाई दळण चाळत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, शिकायला घातली की शेंगदाणे विकायला? मॅडमला म्हणावं, आमच्याकडं पोरीला पदवी नोकरीसाठी देतात."

"आई, नोकरी म्हणजे दुसऱ्याची घंटा झाली की उठायचं."

"अन् इथं कोण घंटा वाजवणार? देवघरातली?"

कस्तुराबाई हसल्या. संध्याकाळी वाती वळता वळता त्यांनी हळूच विचारलं, "सुमे, माझं नाव कागदावर यायलंय का त्या?"

"येणार म्हणजे! भागीदार म्हणून. सही करायची तू."

"रेशनकार्डाशिवाय कुठं नाव नाही बाई माझं," कस्तुराबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सुमंगलाला तिच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर एकाखाली एक नऊ सह्या सापडल्या. कस्तुराबाई पोथी वाचत, पण लिहायचा सराव नव्हता. नवव्या सहीत 'स्तु' जरा बरा जमला होता.

पुढचे चार महिने त्या दोघींचे सुखाचे गेले. विषयाची परीक्षा म्हणजे नुसता पेपर नव्हता. प्रत्येकीनं आपल्या उद्योगाचा अहवाल लिहायचा, माल तयार करायचा आणि मे महिन्यात विद्यापीठात भरणाऱ्या मेळाव्यात तो बाहेरच्या परीक्षकांपुढं मांडून विकायचा. ज्या मुलीचा माल कसोटीला उतरेल तिच्या नावाची शेडसाठी शिफारस होणार होती. शिवाय सेलूचे चंद्रभानशेठ म्हणून मोठे किराणा व्यापारी मेळाव्याला येणार होते. मॅडमनी त्यांच्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. लोणचं पसंत पडलं तर पहिली दोनशे बरण्यांची मागणी ते जागेवर नोंदवणार होते.

मॅडम एकदा घरी आल्या. सोबत प्रयोगशाळेतला तराजू होता. त्यांनी कस्तुराबाईंना ओंजळभर खडेमीठ उचलायला लावलं. वजन केलं, दोनशे दहा ग्रॅम. पुन्हा उचला म्हणाल्या. दोनशे दहा. तिसऱ्यांदा दोनशे आठ. मॅडमनी कस्तुराबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि बघत राहिल्या. अहवालात सुमंगलानं 'प्रमाणीकरण' या मथळ्याखाली दहा किलो फोडींना सात ओंजळी, म्हणजे सुमारे दीड किलो मीठ, असं लिहिलं.

लीलाबाईंनीही हळूहळू ताणायचं सोडलं. पण एक अट घातली. "मेळावा होऊ दे. जमलं तर काढ तुझा कारखाना, मी आडवी येणार नाही. नाही जमलं तर मुकाट्यानं नोकरीचे अर्ज टाकायचे."

मेळावा ठरला होता नरसिंहजयंतीच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे आदल्या संध्याकाळी देवाला दाखवून, घरात चाखून, मग माल न्यायचा. सगळं रीतीत बसत होतं. पण ती नामांतराच्या चळवळीची वर्षं. कधी या बाजूचा मोर्चा, कधी त्या बाजूचा बंद. मेळाव्याच्या तारखेलाच बंद पुकारल्याचं कळलं, तेव्हा विद्यापीठानं मेळावा एक दिवस अलीकडं ओढला. ऐन नरसिंहजयंतीच्या सकाळी अकराला.

सुमंगला आत्यापुढं बसली. "आत्या, एकच वाटी आज देवघरातल्या नरसिंहाला दाखव. मग एक चमचा चाखते. मॅडमनी पाच जणांना चाखायला देऊन गुण लिहायला सांगितलेत."

"जयंतीच्या आधी? देव जन्मायच्या आधी कुणाला जेवू घालू मी?" कस्तुराबाई म्हणाल्या. मग पोरीचा चेहरा बघून त्यांनाच वाईट वाटलं. त्यांनी विचार केला आणि तोड काढली. "बाहेरच्यांनी घेतलं तर घेऊ दे. त्यांना आपली रीत लागू नाही. घरच्यांनी मात्र संध्याकाळपर्यंत तोंडाला लावायचं नाही. एवढं पाळ."

सुमंगलानं पाळलं. बाहेरचे पाच जण गाठायला वेळ उरला नव्हता, म्हणून अहवालातला चाखण्याचा तक्ता तिनं गेल्या वर्षीच्या चवीवर भरून टाकला. रंग नऊ, वास नऊ, चव दहा. तिला ते खोटं वाटलंच नाही. आत्याच्या हातचं लोणचं दहाच्या खाली कसं उतरणार?

अजून एक गोष्ट तिनं केली होती. स्वच्छतेच्या तासाला मॅडमनी सांगितलं होतं की गोणीतल्या मिठात माती असते, काळे कण असतात, परीक्षक भिंग घेऊन बघतात. म्हणून या खेपेला सुमंगलानं दुकानातून पिशवीतलं बारीक, पांढरंशुभ्र मीठ आणलं. ओंजळ भरताना कस्तुराबाई थांबल्या होत्या.

"हे वेगळंच लागायलंय गं हाताला. रेतीवाणी."

"स्वच्छ आहे आत्या. मीठ ते मीठच की."

"तू शिकलेली. तू म्हणतीस तर असेल."

आणि त्यांनी पातेल्यागणिक सात ओंजळी घातल्या.

मेळाव्याच्या दिवशी कस्तुराबाई पहिल्यांदा विद्यापीठात आल्या. ठेवणीतलं फिकट नऊवारी नेसून, डोक्यावरून पदर घट्ट घेऊन त्या सुमंगलाच्या टेबलामागं खुर्चीच्या कडेवर बसल्या. टेबलावर साठ बरण्या. प्रत्येकीवर हातानं लिहिलेली चिठ्ठी होती, 'कस्तुरा लोणचे, परभणी'. येणारी-जाणारी माणसं नाव वाचायची आणि कस्तुराबाई आपल्या पायांकडं बघायच्या.

परीक्षक तिघं होते. त्यांच्यासोबत चंद्रभानशेठ, पांढरी टोपी, हातात छत्री. सुमंगलानं पाठ केलेलं सगळं धडाधड सांगितलं. शेठ म्हणाले, "पोरी, बोलणं तर लई गोड आहे. लोणचं आंबट आहे का बघू दे." सगळे हसले. बरणी उघडली. एका परीक्षकानं फोड तोंडात घातली आणि त्याचा चेहराच बदलला. त्यानं रुमाल काढून तोंडापुढं धरला. दुसऱ्यानं नुसता खार बोटाला लावून चाखला आणि पाणी मागितलं. शेठ भले गृहस्थ. त्यांनी फोड गिळली. मग छत्री या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "मुरलं नसेल अजून."

"मुरल्यानं मीठ जात नसतं शेठजी," पहिले परीक्षक म्हणाले. त्यांनी अहवाल उलटला. "इथं दीड किलो लिहिलंय. बरणीत तेवढंच नाही. आणि चव दहा? कुणी चाखलंय हे?"

सुमंगलानं अहवालाकडं पाहिलं.

"अहो, माल विकायला आणला आणि घरात कुणीच चाखला नाही? मग हा तक्ता कुणी भरला? मीठ कुणी घातलं?"

मॅडम मागं उभ्या होत्या. आजूबाजूच्या टेबलांवरच्या मुली माना वळवून बघत होत्या. सुमंगलाचे कान तापले. सांगायचं तर तक्ता मी भरला, हे पहिलं सांगायला हवं होतं. पण तोंडातून दुसरंच निघालं.

"आत्यानं घातलं. ती हाताच्या अंदाजानं घालते. तिला चव कळत नाही. ती मीठ खात नाही."

परीक्षकांनी कस्तुराबाईंकडं पाहिलं. त्यातल्या एकानं, अगदी सभ्यपणानं, दुसऱ्याला म्हटलं, "उद्योजकता म्हणजे हेच शिकवायचं असतं मॅडम. घरगुती हातावर धंदा चालत नाही." आणि ते पुढच्या टेबलाकडं गेले. तिथं मुरमुऱ्याचे लाडू होते.

कस्तुराबाई उठल्या. पदर सारखा केला. उघडलेल्या बरणीचं झाकण शोधून त्यांनी ते नीट लावलं.

संध्याकाळी जन्माची वेळ झाली, घंटा वाजली, देवघरातल्या नरसिंहापुढं लोणच्याची वाटी ठेवली गेली. गोविंदरावांनी आरती म्हटली. आरती झाल्यावर कस्तुराबाईंनी ती वाटी उचलली. कुणाला काही कळायच्या आत एक फोड तोंडात घातली.

"कस्तुरे!" गोविंदराव ओरडले. "अगं, काय केलंस हे!"

कस्तुराबाईंचे डोळे भरून आले, पण त्यांनी फोड थुंकली नाही. चावून चावून खाल्ली. मग दुसरी घेतली. मग त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या, गेल्या वर्षीच्या बरणीतली एक फोड काढून तीही खाल्ली. परत आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

"दोन्ही सारखीच लागली रे दादा," त्या म्हणाल्या. "दोन्ही जाळच. कोणतं बरं अन् कोणतं वाईट, मला काही समजेना."

लीलाबाईंनी हातातलं निरांजन खाली ठेवलं आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

आठवड्याभरानं सुमंगला प्रयोगशाळेत गेली. तिनं आधी ओंजळभर खडेमीठ तराजूत टाकलं, ते दोनशेच्या आसपास भरलं; मग तेवढीच ओंजळ बारीक मिठाची टाकली. तीनशे पाच ग्रॅम. पुन्हा टाकलं. तीनशे दहा. बारीक मिठाचे कण एकमेकांना चिकटून बसतात, खड्यांसारखी मधे पोकळी राहत नाही, एवढी साधी गोष्ट. ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकली होती. आत्याची ओंजळ तेवढीच होती, सुमंगलानंच त्यातलं मीठ बदललं होतं.

ती धावत घरी आली आणि आत्याच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. तक्त्याचंही सांगितलं. कस्तुराबाई मेथी निवडत होत्या. ऐकून घेतलं. सुमंगलाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बरं झालं सांगितलंस. मनात ठेवू नको काही."

"आपण पुन्हा करू आत्या. मॅडम म्हणाल्यात, पुढच्या मेळाव्याला पुन्हा टेबल देते. खडेमीठच घेऊ. मी सगळ्यांसमोर सांगते, चूक माझी होती."

"हात विसरला बाई," कस्तुराबाई म्हणाल्या. "ओंजळ भरली की आता भ्यावं वाटतं."

त्यांच्या मनात दुसरंच शल्य होतं. मीठ तोंडात गेलं होतं. भावासाठी बोललेला शब्द त्यांनी एका फोडीपायी मोडला होता. मोडलेलं व्रत देवाच्या दारात बसून पुन्हा उभं करायचं, असं त्यांनी ठरवलं. आषाढात त्या पोखर्णीला गेल्या. देवळाजवळ चुलत्यांच्या घरात एक खोली होती, तिथं राहिल्या. गोविंदराव तीनदा न्यायला गेले. तिन्ही वेळा त्यांनी भावाला जेवू घातलं आणि एसटीत बसवून दिलं.

सुमंगलानं आईला दिलेला शब्द पाळला. अर्ज टाकले. त्या अकरा मुलींपैकी चौघी शाळेत लागल्या, दोघी अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका झाल्या, एक बँकेत, तिघींची लग्नं झाली. स्वतःचा उद्योग एकीनंही काढला नाही. सुमंगलाला मात्र लवकरच नोकरी लागली. गावोगावच्या बायकांना लघुउद्योगाचं शिक्षण देणाऱ्या योजनेत प्रशिक्षिका. अर्ज केलेल्यांत उद्योजकता हा विषय घेतलेली ती एकटीच होती. पुढं ती खेड्यापाड्यांत फिरून शिकवायला लागली. भांडवल कुठून आणायचं, गिऱ्हाईक कसं ओळखायचं, चाखल्याशिवाय माल घराबाहेर काढायचा नाही. चांगली शिकवायची. राणीसावरगावच्या एका बाईनं तिला विचारलं होतं, "मॅडम, तुमचा सोताचा कोंता धंदा हाय?" सुमंगला म्हणाली, "शिकवण्याचा." बायका हसल्या, तीही हसली. त्या दिवशी जीपमध्ये ती ड्रायव्हरशेजारी न बसता मागच्या सीटवर जाऊन बसली.

आत्याला भेटायला ती सुरुवातीला दर शनिवारी जायची. मग महिन्यातून एकदा. मग नुसतं जयंतीला. कस्तुराबाई प्रेमानं विचारपूस करायच्या, वाती दाखवायच्या, हजार वातींची गड्डी कशी बांधायची ते सांगायच्या. लोणच्याचा विषय निघाला की म्हणायच्या, "चहा ठेवू का तुला?"

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात पोखर्णीचंच प्रशिक्षण सुमंगलाच्या वाट्याला आलं. पंधरा दिवसांचं, लोणचं-पापडाचं. तिनं बदलून मागितलं, पण मिळालं नाही. शाळेच्या वर्गात सतरंजी अंथरली होती, बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. गावातल्या कडूबाई पुढाकार घेऊन सगळ्यांना रांगेत बसवत होत्या. सुमंगला एकेकीचा अर्ज भरून घेत होती.

बाराव्या नंबरावर कस्तुराबाई समोर येऊन बसल्या.

सुमंगलानं पेन खाली ठेवला. "आत्या, तू?"

"कडूबाईनं नाव घातलं," कस्तुराबाई हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणाली, बसून नुसत्या वाती किती दिवस वळणार. म्हटलं बघावं."

कडूबाईंनी मागून मान पुढं केली. "मॅडम, ह्या आजी लय गुणाच्या हायत बगा. पण लोणच्यातलं काईच येत न्हाई म्हणत्यात. तुमी जरा जास्तीचं ध्यान द्या त्यांच्याकडं."

सुमंगला उभीच राहिली. "अगं कडूबाई, या बाईंनी मला..."

"मॅडम," कस्तुराबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला असं म्हटलं. "मागं लेकरं घेऊन बायका खोळंबल्यात. लिहून घ्या."

सुमंगला बसली. नाव लिहिलं. वय बावन्न. शिक्षण, वाचता येते. पुढचा रकाना होता पूर्वानुभवाचा. तिनं वर पाहिलं. कस्तुराबाईंचे दोन्ही हात मांडीवर, एकात एक.

"अनुभव, आत्या?"

"काही नाही, म्हणून लिहा."

तिनं लिहिलं, 'काही नाही'. कस्तुराबाईंनी कागद आपल्याकडं फिरवून घेतला आणि तळाशी सही केली. सावकाश, एकेक अक्षर धरून. मग त्या उठून शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून जाऊन बसल्या. सुमंगलानं पुढचा अर्ज ओढला आणि पुढच्या बाईला तिचं नाव विचारलं.